थर किती, यंत्रे किती

बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्यासाठी लिहिलेल्या वेब-ॲप्लिकेशनची रचना बहुधा तीन थरांत केलेली असते. ब्राउझरला पाने पुरवणारा सादरीकरणाचा थर वर, व्यवहाराचे नियम चालवणारा थर मध्ये आणि नोंदी सांभाळणारा डेटाबेस तळाशी. प्रत्येक थराने फक्त आपल्या खालच्या थराशी बोलावे, हा शिरस्ता. या मांडणीकडून दोन अपेक्षा ठेवल्या जातात. वापरणारे वाढले की सर्व्हर वाढवून भार पेलता यावा, आणि एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर सगळी प्रणाली फारशी न बदलता हलवता यावी. ही दोन्ही आश्वासने नेहमी एका दमात दिली जातात, पण थर पाडल्याने त्यांतले एकही आपोआप पुरे होत नाही. भार किती पेलेल हे बदलती माहिती कुठे ठेवली आहे यावर ठरते. प्रणाली हलवता येईल की नाही, हे ती आजूबाजूच्या कोणत्या सोयींवर विसंबून आहे यावर ठरते. थर पाडायचे ते मुख्यतः कोड माणसांना आवाक्यात ठेवता यावा म्हणून. यंत्रांची वाटणीही त्याच रेघांवर करायचा हट्ट जिथे जिथे धरला गेला, तिथे त्याची किंमत मोजावी लागली.

मधला थर आला तो मात्र खऱ्या गरजेतून. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कार्यालयीन संगणकीकरणाचा रिवाज दोन थरांचा होता. प्रत्येक टेबलावरच्या पीसीवर पॉवरबिल्डर किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आणि तळघरात कुठेतरी ओरॅकलचा किंवा सायबेसचा सर्व्हर. व्याजाची आकारणी, सवलतीचे निकष, कोणाला काय दिसावे, हे सगळे त्या पीसीवरच्या प्रोग्रॅममध्ये. नियम बदलला की शेकडो पीसींवर नवी आवृत्ती बसवत फिरावे लागे, आणि दोन-चार ठिकाणी जुनी राहून जाई. दुसरा त्रास डेटाबेसच्या बाजूचा. प्रत्येक पीसी सकाळी एक कनेक्शन उघडी आणि संध्याकाळपर्यंत ते धरून ठेवी. कर्मचारी चहाला गेला तरी सर्व्हरवरची त्याची मेमरी अडकलेलीच.

मधल्या थराने यावर काय साधले ते आकड्यांत पाहिले तर नेमके कळते. समजा २००० माणसे एकाच वेळी काम करत आहेत आणि प्रत्येक जण सरासरी दहा सेकंदांनी एकदा बटण दाबतो. म्हणजे सेकंदाला २०० विनंत्या. प्रत्येक विनंतीला डेटाबेसचे २० मिलिसेकंदांचे काम लागते असे धरले, तर कोणत्याही क्षणी सरासरी चारच कनेक्शने खरोखर कामात असतात. रांगेच्या शास्त्रातला हा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध करून ठेवला होता. विनंत्या सरासरीच्या तालावर येत नाहीत, म्हणून वीस-तीस कनेक्शने हाताशी ठेवावीत, पण २००० मुळीच नकोत. मधला थर मोजक्या कनेक्शनांचा साठा बाळगतो, विनंती आली की त्यातले एक देतो आणि काम झाले की परत घेतो. बहुस्तरीय रचनेचा सर्वांत रोकडा फायदा हाच. त्याच्यासोबत व्यवहाराचे नियम एका जागी आले आणि पीसीवर उरला फक्त ब्राउझर. १९९५ नंतर वेब पसरले तेव्हा ही वाट रुळलेलीच होती. शिवाय एटी अँड टीचा टक्सिडो, आयबीएमचा सीआयसीएस असे व्यवहार-नियंत्रक हेच काम मोठ्या यंत्रांवर कितीतरी आधीपासून करत होते. वेबवाल्यांनी त्याची फारशी दखल घेतली नव्हती, हा भाग वेगळा.

सन मायक्रोसिस्टिम्सने डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ईई हे प्रमाण जाहीर केले आणि या रचनेला एक अधिकृत नकाशा मिळाला. पाने तयार करायला सर्व्हलेट आणि जेएसपी, नियमांसाठी एंटरप्राइझ जावाबीन म्हणजे ईजेबी, डेटाबेसशी बोलायला जेडीबीसी. ट्रान्झॅक्शन, सुरक्षा, कनेक्शनांचा साठा ही सगळी उस्तवार कंटेनरने, म्हणजे बीन चालवणाऱ्या सर्व्हरने, करायची आणि प्रोग्रॅमरने फक्त धंद्याचे नियम लिहायचे. बीईएचा वेबलॉजिक, आयबीएमचा वेबस्फिअर, मुक्त स्रोतातला जेबॉस, कोणताही सर्व्हर घ्या, तोच कोड चालेल, असा वायदा होता.

कल्पना चांगली होती. घात केला एका गृहीतकाने. ईजेबीच्या पहिल्या आवृत्त्यांत प्रत्येक बीन दूरच्या यंत्रावर असू शकते असे धरूनच तिला हाक मारावी लागे. पानांचा थर एका यंत्रावर, नियमांचा दुसऱ्यावर, आणि मधून नेटवर्क. वस्तू जवळ आहे की दूर, याचा विचार प्रोग्रॅमरने करू नये असा त्यामागचा हेतू. पण जवळ आणि दूर यांतला फरक झाकून झाकला जात नाही. त्याच प्रक्रियेतल्या मेमरीतून एखादी किंमत वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. त्याच इमारतीतल्या शेजारच्या यंत्राला विचारून उत्तर यायला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे काही हजार पट. आता मागण्यांची यादी दाखवणारे एक साधे पान घ्या. पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीत आठ रकाने. प्रत्येक रकाना म्हणजे बीनला एक हाक, म्हणजे २०० हाका, म्हणजे काही काम होण्याआधीच दहावा हिस्सा सेकंद नुसत्या येण्याजाण्यात गेला. त्यात प्रत्येक नोंद डेटाबेसमधून स्वतंत्र प्रश्नाने उचलण्याची बीनची खोड. यादीसाठी एक प्रश्न आणि मग ओळीगणिक एकेक. विकसकाच्या यंत्रावर दहा नोंदींशी खेळताना हे जाणवत नाही. खरा डेटा आला की पान रेंगाळू लागते.

गंमत अशी की हा इशारा सनच्याच प्रयोगशाळेतून आधी दिला गेला होता. जिम वॉल्डो, जेफ वायंट, ॲन वोलरॅथ आणि सॅम केंडल यांनी १९९४ मध्येच एका टिपणात दाखवून दिले होते की जवळची आणि दूरची वस्तू सारखी भासवणे चुकीचे आहे. वेळेचा फरक हे त्यातले सौम्य कारण. अधिक गंभीर कारण अर्धवट अपयशाचे. एकाच यंत्रावरचा प्रोग्रॅम कोसळला तर सगळाच कोसळतो, तर दोन यंत्रांत एक बंद पडले की दुसऱ्याला कळत नाही की सांगितलेले काम झाले, झाले नाही, की झाले पण निरोप वाटेत हरवला. वोलरॅथ यांनी पुढे जावाची दूर-हाक यंत्रणा रचली तेव्हा प्रत्येक अशा हाकेला अपयशाची शक्यता उघडपणे नोंदवावी लागेल अशी सक्ती ठेवली. ईजेबीने ती सक्ती पाळली, पण हाका इतक्या मुक्तहस्ते वाटल्या की सक्तीचा उपयोग रिकामे कॅच-ब्लॉक वाढवण्यापुरताच राहिला.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने झाली. आधी अनेक बारीक हाकांऐवजी एक जाड हाक मारायची आणि माहितीचे गाठोडे एकदमच उचलायचे, अशा क्लृप्त्या रूढ झाल्या. २००१ च्या आवृत्तीत स्थानिक इंटरफेस आले, म्हणजे एकाच प्रक्रियेत राहणाऱ्या बीनला नेटवर्कचा आव न आणता बोलावता येऊ लागले. २००२ मध्ये रॉड जॉन्सन यांनी जे-टू-ईईच्या रचनेवर पुस्तक लिहिले. बहुतेक ॲप्लिकेशनांना दूरस्थ बीनची गरजच नाही, साध्या जावा वस्तू पुरतात, हा त्यातला मुख्य सूर. त्या पुस्तकासोबतच्या कोडमधून स्प्रिंग हे जावाचे फ्रेमवर्क वाढले. २००६ मध्ये जावा ईई ५ ने, म्हणजे जे-टू-ईईच्या नव्या नावाने आलेल्या आवृत्तीने, ईजेबीचेच रूप असे पालटले की ती जवळपास साधी वस्तू झाली. थर तेच राहिले, फक्त ते वेगवेगळ्या यंत्रांवर असलेच पाहिजेत हा आग्रह गेला.

यंत्रांची सीमा कुठे आखावी याला मग काही निकष उरतात की नाही? उरतात, आणि ते थरांच्या नावांशी फारसे निगडित नाहीत. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सीमा आहेच, ती टळत नाही. सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यात ती सोयीची, कारण डेटाबेसला मोठी मेमरी, वेगवान डिस्क आणि शांतता लागते, तर सर्व्हर स्वस्तातले आणि कधीही बंद-चालू करता येण्याजोगे असावे लागतात. पाने आणि नियम यांच्यामध्ये सीमा आखायला मात्र सबळ कारण हवे. सुरक्षेसाठी नियमांचा सर्व्हर बाहेरच्या जाळ्यातून थेट दिसू नये अशी नियामकाची अट, किंवा त्याच नियमांवर मोबाइल ॲप, एटीएम आणि शाखेतला पडदा अशी तीन वेगळी तोंडे चालवायची गरज. यांतले काहीच नसेल तर पाने आणि नियम एकाच प्रक्रियेत राहू द्यावेत आणि त्या अख्ख्या प्रक्रियेच्या प्रती वाढवाव्यात. स्टॅक ओव्हरफ्लोसारखे जगभर वापरले जाणारे संकेतस्थळ वर्षानुवर्षे मोजक्या वेब-सर्व्हरांवर, एकसंध ॲप्लिकेशन म्हणून चालले, ते याच वाटेने.

प्रती वाढवून भार पेलणे जितके सोपे ऐकू येते, तितके ते असते एकाच अटीवर. कोणतीही विनंती कोणत्याही प्रतीकडे गेली तरी चालले पाहिजे. एचटीटीपी मुळातच विस्मरणशील. एका विनंतीचा पुढच्या विनंतीशी संबंध ते जाणत नाही, आणि म्हणूनच वेब इतके फोफावले. पण दुकानाला ग्राहकाची टोपली आठवावी लागते. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली आणि सर्व्हरला ओळख पटवायची सोय झाली. मग सर्व्हर प्रत्येक ओळखीमागे मेमरीत एक सेशन ठेवू लागला आणि त्या सेशनमध्ये विकसक हाताला येईल ते कोंबू लागले. टोपलीच नव्हे, तर शोधाचे हजार निकाल, अर्धे भरलेले अर्ज, अख्ख्या वस्तूंची झाडे. असे झाले की ग्राहक त्याच सर्व्हरला चिकटतो. भारवाटपाच्या यंत्रणेला तशी खास सूचना द्यावी लागते. तो सर्व्हर पडला की टोपली गेली. टोपली जाऊ नये म्हणून सेशनची नक्कल प्रत्येक सर्व्हरवर पाठवत राहिले, तर दहा सर्व्हरांचा बराचसा वेळ एकमेकांना नकला पाठवण्यातच जातो, आणि अकरावा सर्व्हर जोडल्यावर एकूण वेग कमी झाल्याचेही पाहायला मिळते. उपाय रूक्ष आहे. सेशनमध्ये ओळखीपलीकडे जवळजवळ काही ठेवू नये. जे ठेवणे भाग आहे ते रेडिससारख्या सामायिक साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये ठेवावे आणि सर्व्हर कोरे राखावेत.

याचा अर्थ स्मरणाचे ओझे नाहीसे झाले असा नाही. ते फक्त खाली ढकलले गेले. शेवटी ते जिथे साचते तिथे प्रती वाढवून भागत नाही, आणि भारतीय रेल्वेचे आरक्षण याचे उत्तम उदाहरण आहे. इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय आयआरसीटीसीने २००२ मध्ये सुरू केली. पण जागा कोणाला मिळाली याचा निर्णय तिच्या पानांवर होत नाही. तो होतो क्रिस ही रेल्वेची संस्था सांभाळते त्या प्रवासी आरक्षण प्रणालीत, जी तिकीट खिडक्यांसाठी वेबच्या आधीपासून चालत आली आहे. तत्काळची वातानुकूलित तिकिटे सकाळी १० ला आणि बाकीची ११ ला खुली होतात. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण उघडते त्या सकाळी ८ ला काय होते, हे मुंबईत वेगळे सांगायला नको. शयनयानाच्या पारंपरिक डब्यात ७२ बर्थ. त्यांसाठी हजारो विनंत्या एकाच मिनिटात. वरचे सर्व्हर दहापट केले तर लॉगिन लवकर होईल, गाड्यांची यादी पटकन दिसेल, पण एका गाडीच्या एका तारखेच्या कोट्याची नोंद एका क्षणी एकाच व्यवहाराला बदलता येते. समजा ती नोंद प्रत्येक वाटपासाठी पाच मिलिसेकंद कुलूपबंद राहते. मग सेकंदाला २०० वाटपे ही त्या नोंदीची कमाल मर्यादा झाली, वर सर्व्हर दहा असोत की हजार. उलट वरचे सर्व्हर वाढवल्याने खालची रांगच लांबते.

म्हणून अशा प्रणालींत खरे काम वेगळ्याच दिशेने करावे लागते. जे प्रश्न फक्त वाचण्याचे आहेत ते तळापर्यंत जाऊच द्यायचे नाहीत. जागा आहेत का, गाडी कोणत्या दिवशी धावते, भाडे किती, हे मेमरीतल्या साठ्यातून सांगायचे आणि ते काही सेकंद शिळे असेल हे मान्य करायचे. २०१४ मध्ये आयआरसीटीसीने नवी ई-तिकीट प्रणाली आणली तेव्हा मेमरीत माहिती ठेवणाऱ्या तंत्राचा आधार घेतला. मिनिटाला सुमारे २००० तिकिटांची क्षमता ७२०० वर नेल्याचे त्या वेळी जाहीर झाले. तत्काळसाठी वातानुकूलित आणि इतर वर्गांच्या वेळांत एका तासाचे अंतर ठेवणे हाही भार पसरवण्याचाच उपाय आहे, आणि त्यात एक ओळही कोड नाही. वास्तुरचनेच्या चर्चांत असे उपाय क्वचितच येतात, हे त्या चर्चांचे उणेपण म्हणावे लागेल.

लिहिण्याचा भार वाढला की डेटाबेसच तोडून वाटावा लागतो, म्हणजे ग्राहकांच्या क्रमांकावरून किंवा विभागांवरून. तिथे आणखी एक सीमा आडवी येते. २००० मध्ये एरिक ब्रूअर यांनी मांडलेली आणि दोन वर्षांनी गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेली गोष्ट अशी की नेटवर्क तुटले असताना सर्व तुकड्यांनी एकच खरे उत्तर द्यावे आणि प्रत्येक विनंतीला उत्तरही मिळावे, हे दोन्ही साधत नाही. बँकेची शिल्लक आणि बातमीखालच्या पसंतीखुणांचा आकडा यांना एकाच तराजूत तोलू नये, एवढे त्यावरून ठरते.

आता दुसरे आश्वासन, प्रणाली हलवता येण्याचे. जावाच्या आभासी यंत्राने प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचा अडसर खरोखरच दूर केला. विंडोजवर लिहिलेला कोड सोलॅरिसवर चालला. त्याच्या वरच्या पातळीवर चित्र तितके स्वच्छ नव्हते. प्रमाणाने जे ठरवले नव्हते ते प्रत्येक सर्व्हर-कंपनीने आपापल्या एक्सएमएल फाइलींत घातले, आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना त्या फाइली नव्याने लिहाव्या लागत. खालच्या पातळीवर तर अधिकच. ओरॅकल रिकामी अक्षरमाला आणि माहितीचा अभाव एकच मानते, इतर बहुतेक डेटाबेस तसे मानत नाहीत. पहिल्या दहा नोंदी मागण्याची रीत प्रत्येकाची निराळी, आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांची निराळी. हे फरक झाकणारे थर लिहिले गेले, पण ते वापरताना डेटाबेसच्या चांगल्या सोयीही सोडाव्या लागतात. बहुतेक संस्था पंधरा-वीस वर्षांत स्क्रीन तीनदा, सर्व्हर दोनदा बदलतात, डेटाबेस तोच ठेवतात. कधी काळी डेटाबेस बदलू या आशेने रोजचा वेग गमावणे हा तोट्याचा सौदा आहे.

प्रमाणावर मालकी कोणाची, हा प्रश्नही हलवण्याशी जोडलेला निघाला. सन कंपनी विकत घेतलेल्या ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरवले. पण जावाएक्स या नावाखालच्या पॅकेजांत बदल करायची परवानगी दिली नाही. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये ती सगळी नावे बदलावी लागली. कुठेही चालेल म्हणून लिहिलेल्या कोडच्या लाखो ओळींतल्या आयात-ओळी, कामात तसूभरही फरक नसताना, बदलाव्या लागल्या. मधल्या काळात २०१३ च्या डॉकरने आणि पुढच्या वर्षी आलेल्या कुबरनेटिसने प्रश्नच वेगळ्या बाजूने सोडवला. प्रोग्रॅमला नव्या परिसराशी जुळवून घ्यायला लावण्याऐवजी त्याचा परिसरच बांधून सोबत न्यायचा. ही सोय मोठी आहे, आणि तिच्यामुळे सर्व्हर-कंपनीवरचे अवलंबन बरेच घटले. आता ते क्लाउड-कंपनीच्या रांगा, साठे आणि ओळख-सेवा यांच्यावर गेले आहे.

थरांच्या कप्प्यांबद्दल एक मूलभूत आक्षेप मात्र यंत्रांशी संबंधित नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये म्हटले होते की प्रोग्रॅमचे भाग पाडताना कामाचा क्रम पाहू नये. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका भागात लपवावा. तीन थरांची रचना तंत्रानुसार कापते, आणि धंद्यातले बदल क्वचितच तंत्रानुसार येतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा पावतीवर १५ अक्षरी क्रमांक घ्यायचा एवढाच बदल बिलिंगच्या प्रणालीत कुठून कुठे गेला हे पाहावे. स्क्रीनवर नवा रकाना, त्याची तपासणी ब्राउझरमध्ये आणि पुन्हा सर्व्हरवर, माहिती वाहणाऱ्या वस्तूत नवे क्षेत्र, सेवेच्या थरात करआकारणीचा नियम, नोंदीच्या वस्तूत क्षेत्र, तक्त्यात नवा स्तंभ, छापील नमुन्यात जागा. एका क्षेत्रासाठी सहा-सात फाइली. आणि स्क्रीनवाले, सर्व्हरवाले, डेटाबेसवाले असे तीन गट असतील तर तीन बैठका. संस्थेचे आतले संवाद जसे, तशीच तिच्या प्रणालीची घडण होते, हे मेल्विन कॉनवे यांचे १९६८ चे निरीक्षण इथे नेमके लागू पडते.

मायक्रोसर्व्हिसेसचा पुरस्कार या आक्षेपाचे उत्तर म्हणून झाला. २०१४ पासून ते नाव सर्वतोमुखी आहे. आडव्या थरांऐवजी ग्राहक, बिल, साठा असे उभे तुकडे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र. कापण्याची दिशा बरोबर आहे. पण प्रत्येक तुकडा वेगळी प्रक्रिया, वेगळे नेटवर्क-टोक असला पाहिजे हा आग्रह म्हणजे १९९९ चीच गल्लत नव्या कपड्यांत. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधील एका गटाने २०२३ मध्ये लिहिले की व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी त्यांची विखुरलेली व्यवस्था एका प्रक्रियेत आणल्यावर खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. त्यावरून मायक्रोसर्व्हिसेस वाईट असे ठरत नाही. त्या गटाच्या कामात एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे भरमसाट माहिती वाहायची होती आणि सीमा नेमकी त्याच प्रवाहावर आखली गेली होती. उभे तुकडे एकाच प्रक्रियेत, पक्क्या आतील सीमांसह ठेवणे हा पर्याय सुरुवातीला जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतो, आणि एखादा तुकडा खरोखर वेगळ्या गतीने वाढू लागला की तेवढाच बाहेर काढता येतो.

जिथे सीमा टाळताच येत नाही, तिथे काय करावे लागते हे ऑनलाइन पैसे भरण्यात दिसते. बँकेचे खाते एका संस्थेच्या डेटाबेसमध्ये, तिकीट दुसरीच्या. दोन डेटाबेसांत एकच व्यवहार एकदम पक्का करण्याची पद्धत जे-टू-ईईच्या प्रमाणात होती, आणि एकाच संस्थेच्या दोन डेटाबेसांत ती चालतेही. पण सगळ्यांचा होकार येईपर्यंत प्रत्येकाला नोंद कुलूपबंद ठेवावी लागते, आणि कोणतीही बँक परक्या सर्व्हरच्या होकारासाठी आपल्या खातेदाराची नोंद अडवून ठेवणार नाही. त्यामुळे पैसे कापले गेले आणि तिकीट निघाले नाही, हा प्रसंग रचनेतच गृहीत धरावा लागतो. प्रत्येक विनंतीला एक अनन्य क्रमांक द्यायचा, म्हणजे ग्राहकाने वैतागून पुन्हा बटण दाबले तरी पैसे दुसऱ्यांदा कापले जाणार नाहीत. उत्तर ठरावीक वेळेत आले नाही तर व्यवहार फसला असे न मानता अनिश्चित असे नोंदवायचे आणि काही वेळाने बँकेला त्या क्रमांकाची स्थिती विचारायची. दिवसाअखेर दोन्ही बाजूंच्या याद्या जुळवायच्या. बँकेच्या यादीत आहे आणि तिकिटांच्या यादीत नाही अशा प्रत्येक रकमेसाठी परताव्याचा उलट व्यवहार काढायचा, तोही त्याच क्रमांकाचा दाखला देऊन.